आईच्या विसाव्याचा तास कुणाच्या नावावर?

गुरुजी : ताई, हे पालकांचं बर्नआउट वगैरे मला पटत नाही, आधीच सांगून ठेवतो. थकवा मला कळतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत सगळी नोकरी झाली, थकलेले आईबाप रोज डोळ्यांसमोर होते. सोयाबीनच्या काढणीत कसल्याशा कागदावर सही करायला आलेली बाई शाळेच्या ओट्यावर बसल्या बसल्या झोपी गेलेली मी पाहिलीय. पण तिला काही आजार आहे असं माझ्या मनात आलं नाही. काम जास्त, मजुरी कमी, मदतीला कुणी नाही, एवढंच मनात आलं. तुम्ही आता त्याला नाव देताय. नावामागून प्रश्नावली येईल, तिच्यामागून तज्ज्ञ येईल आणि तो सांगेल, रोज दहा मिनिटं स्वतःसाठी काढा, दीर्घ श्वास घ्या. आपल्या पुसेगावच्या बाईला श्वास घ्यायला शिकवायची गरज नाही. तिच्या डोक्यावरचा भारा उतरवून घ्यायला कुणी येणार असेल तर बोला.

आणि हे नाव तरी कुठलं? 1974 साली न्यूयॉर्कमध्ये फ्रॉइडनबर्गर नावाच्या मानसोपचारवाल्यानं ते मोफत दवाखान्यात राबणाऱ्या कार्यकर्त्यांबद्दल वापरलं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये बर्नआउटची व्याख्या केली, तेव्हा स्पष्ट लिहिलं की हे नोकरीच्या कामापुरतं आहे, आयुष्याच्या बाकीच्या गोष्टींना लावू नये. ज्यांच्याकडून तुम्ही शब्द घेतला, तेच म्हणतात घराला लावू नका. मग तुम्ही कशाला लावता?

ताई : संघटनेनं नोकरीपुरतं म्हटलं, कारण तिच्या लेखी काम म्हणजे पगाराचं काम. माझं भांडण तिथूनच सुरू होतं, गुरुजी. सोयाबीन कापणं हे काम, त्याची मजुरी मिळते. कापताना धुऱ्यावरच्या झोळीतलं लेकरू रडलं की उठून जाणं, त्याला पाजणं, परत येऊन मागं पडलेली ओळ गाठणं, हे कुठल्याच हिशेबात नाही. उलट तेवढा वेळ कामचुकारपणा केला असं बाकीच्या बाया बोलून दाखवतात.

दुसरं, मी साध्या थकव्याबद्दल बोलतच नाहीये. झोप झाली, पाऊस पडला, दोन दिवस माहेरी जाऊन आलं की जातो तो थकवा. बेल्जियममध्ये लुवें विद्यापीठात इझाबेल रोस्काम आणि मोइरा मिकोलायचाक या दोघी बरीच वर्षं यावरच काम करताहेत. त्या चार गोष्टी सांगतात. आईबाप म्हणून राबताना अंगातलं त्राण संपणं. लेकरापासून मनानं लांब जाणं. त्याच्यात काही गोडी न उरणं. आणि चौथी मला सगळ्यात खरी वाटते, ‘मी आधी अशी नव्हते’ हे तिचं तिला जाणवणं. एक बाई मला म्हणाली, लेकरू दिवसभर आई आई करतं, मला ऐकू येतं, पण मला हाक मारलीय असं वाटतच नाही. ती त्याला जेवू घालते, न्हाऊ घालते, शाळेत सोडते. एकही काम चुकत नाही. म्हणून तर कुणाला काही दिसत नाही. तुमच्या ओट्यावर झोपलेली बाई तुम्हाला दिसली. ही बाई तुम्हाला दिसली नसती, कारण ती टापटीप येऊन सही करून गेली असती.

तिला मी काम कमी कर म्हटलं तर ती हसेल. पण तुझं जे झालंय ते इतरांचंही होतं, तू वाईट आई नाहीस, एवढं म्हटलं की ती रडते. नावाचा तेवढा उपयोग मी पाहिलाय.

गुरुजी : आता त्या बेल्जियमच्या बायांचंच घ्या. मीही थोडं वाचलंय. 2021 साली त्यांचा मोठा अभ्यास आला, 42 देशांतला, सतरा हजारांवर आईबापांचा. त्यात निघालं काय? बेल्जियम, अमेरिका, पोलंड अशा देशांत हे प्रमाण सगळ्यात जास्त. जिथं माणूस एकेकटा जगतो, ज्याचं त्यानं बघायचं असतं, तिथं हे जास्त. पैसा कमी की जास्त, लेकरं किती, यापेक्षा त्या एकटेपणाशी त्याचा संबंध मोठा. म्हणजे हा एकट्या पडलेल्यांचा रोग आहे. मग आपल्याकडं जे होतं त्याला नावं ठेवून त्यांचा रोग आणि त्यांचंच औषध कशाला आणायचं?

आपल्याकडं रीतच होती ना. पहिलं बाळंतपण माहेरी. सव्वा महिना बाळंतिणीनं चुलीपुढं जायचं नाही. शेक, शेगडी, डिंकाचे लाडू, अंगाला तेल. ही रजाच होती, कागदावर नव्हती इतकंच. वाड्यात चार बायका, लेकरू कुणाच्याही कडेवर. आणि बायकांना बोलायला जागा नव्हती असंही नाही. जात्यावर त्यांनी सगळं बोलून ठेवलंय. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव फिरून एक लाखावर ओव्या गोळा केल्या. सासर, नवरा, लेकरं, भूक, सगळं त्यात आहे.

जनाबाईचंच बघा. आपल्यापासून जवळच नर्सी, नामदेवांचं गाव, आणि त्यांच्या घरची ही दासी. तिच्या अभंगांत विठ्ठल काय करतो? उपदेश नाही करत. दळू लागतो, पाणी भरतो, केर काढतो. थकलेल्या बाईला समुपदेशक नको असतो, जात्याचा खुंटा धरणारा दुसरा हात हवा असतो. हे आपल्याला सातशे वर्षांपूर्वी कळलं होतं.

ताई : गुरुजी, जनाबाईच्या घरी माणसं कमी होती का? नामदेवांचं सगळं कुटुंब होतं. भरल्या घरात दळायला दुसरा हात आला तो देवाचा. माणसाचा आला असता तर देवाला यायची वेळ पडली नसती. तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. ओव्यांचंही तसंच. पहाटे, अंधारात, घर झोपलेलं असताना, जात्याच्या घरघरीत बाई बोलली. ऐकायला कोण होतं? फार तर शेजारी दळत बसलेली दुसरी बाई, तिच्यासारखीच थकलेली. पुढं गिरणी आली, दळण डब्यातून जायला लागलं, ते बोलणंही गेलं.

तुमच्या वाड्यातल्या चार बायकांपैकी थकलेय म्हणायचा अधिकार कुणाला होता? सुनेला नव्हता. ‘आम्ही नाही का वाढवली? तीन-तीन वाढवली, वर शेत केलं.’ हे वाक्य मी घरटी ऐकते. मदत मिळते, पण तिची नोंद राहते. सासूनं दोन तास लेकरू घेतलं तर त्याची आठवण दिवाळीपर्यंत काढली जाते. आणि तुमचा सव्वा महिना पहिल्या खेपेला. दुसऱ्या खेपेला बहुतेकींचं सासरीच होतं, पहिलं लेकरू पायात घोटाळत असताना.

आता माझ्याकडची खरी गोष्ट ऐका. आपल्या भागातून ऊसतोडीला जोड्या जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते. कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं मिळून एक, म्हणून दोघांनाही जावं लागतं. दिवाळीच्या सुमारास जातात, पाडव्याच्या आसपास येतात. सरकारचं हंगामी वसतिगृह असलं तर लेकरांना जेवण मिळतं, रात्री ती राहतात आजीकडंच. एका आजीकडं दोन लेकांची मिळून चार लेकरं. पहाटे चारला उठून पाणी तापवायचं, एकीची वेणी घालायची, धाकट्याची खरूज धुवायची, मोठा शाळेत गेला की मधेच पळाला हे बघायचं. संध्याकाळी फडावरून फोन येतो, त्या वेळी चौघांनाही एकाच फोनवर बोलायचं असतं, भांडणं होतात, रडारड होते आणि फोन बंद झाल्यावर ती शांत करायची. साठी उलटलेली बाई. तिचे गुडघे धरलेत, डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ती मला म्हणाली, ताई, माझी लेकरं वाढवून झाली होती, आता हे पुन्हा कशाला? आणि लगेच स्वतःच्या तोंडावर हात मारून घेतला, असं म्हणाले म्हणून. तुमच्या वाड्याची रीत अशी एका म्हातारीवर येऊन थांबलीय. बेल्जियमची बाई एकटी असते हे खरं, पण तिला निदान तसं म्हणता येतं. ही चार नातवंडांत एकटी आहे.

गुरुजी : बरं, आजीचं मी मान्य करतो. ती थकलीय आणि तिला विचारलं कुणीच नाही. पण मग माझं म्हणणं उलट बळकट होतं. तिचा प्रश्न उचल आहे, मुकादम आहे, कोरडवाहू जमीन आहे. तिला तुम्ही मनाचा प्रश्न म्हणालात की साखर कारखाना सुटला, सरकार सुटलं.

आणि दुसऱ्या टोकाचं काय? आता गावागावांतून आया लेकरांना घेऊन नांदेडला, लातूरला खोली करून राहताहेत. डॉक्टरकीच्या नीट परीक्षेची तयारी. अकरावी-बारावी दोन वर्षं, वर एखादं रिपीट. नवरा इकडं हातानं भाकरी थापतो, धाकटं लेकरू आजीकडं, आणि ही तिकडं पोराच्या डब्यासाठी. हे कुणी लादलंय? विनिकॉट नावाचा इंग्रज बालरोगतज्ज्ञ सांगून गेला की लेकराला परिपूर्ण आई लागत नाही, पुरेशी चांगली आई पुरते. आपल्या आया पुरेशा चांगल्या होत्या. आम्ही नापास झालो तरी त्यांची झोप उडाली नाही, कारण आम्ही कोणत्या वर्गात आहोत हेच अर्ध्याजणींना ठाऊक नव्हतं! आजच्या आईबापांनी लेकराचं सगळं आयुष्य आपल्या कर्तबगारीचं प्रगतिपुस्तक करून ठेवलंय. मग खचायला होणारच. हा हौसेचा थकवा आहे, ताई. तो उसाच्या फडातल्या बाईच्या शेजारी मांडू नका.

ताई : हौसेचा? दोन एकर कोरडवाहू, पाऊस गेला की सोयाबीन गेलं, आलं तर भाव नाही. पोरगं त्यातून बाहेर काढायला एकच दार दिसतंय, ते नांदेडमधून जातं असं सगळं गाव सांगतंय. त्या दारात उभं राहण्याला मी हौस म्हणणार नाही. कर्ज काढून फी भरलीय. मे महिन्यात एका रविवारी तीन तासांचा पेपर, त्यावर दोन-तीन वर्षांचा खर्च.

अशी एक खोली मी पाहिलीय. दहा बाय दहा, एक गॅसची शेगडी, दोरीवर कपडे, भिंतीवर क्लासचं वेळापत्रक. पोराच्या टेस्टचे मार्क आधी आईच्या मोबाईलवर येतात. मेसेजची वेळ झाली की तिच्या पोटात गोळा येतो. ती सांगत होती, महिनाभर मी त्याला ‘कसा आहेस’ विचारलंच नाही, फक्त ‘किती पडले’ विचारलं. तिला कुणी कामाला जुंपलेलं नाही. शेतात होते त्याच्या निम्मेही कष्ट नाहीत. दुपारी तर करायला काही नसतं. तरी ती मला म्हणाली, पोरगं क्लासला गेलं की बरं वाटतं आणि यायची वेळ झाली की नको वाटतं. आता सांगा, हिच्या डोक्यावरचा कुठला भारा उतरवायचा?

त्या लुवेंच्या बायांनी याला तराजू म्हटलंय. एका पारड्यात लेकरांपायी येणारा ताण, दुसऱ्यात आधार. आधाराचं पारडं फार दिवस वरच राहिलं की माणूस खचतं. ताणात कष्टच असले पाहिजेत असं नाही. आपण चुकतोय ही भीती, लोक काय म्हणतील, सगळं नीटच व्हायला पाहिजे हा हट्ट, हेही त्या पारड्यात पडतं. फडातल्या बाईचं पारडं कष्टानं खाली गेलंय, नांदेडच्या खोलीतल्या बाईचं भीतीनं. तुम्ही एकीला खरी म्हणता, दुसरीला लाडावलेली. अमेरिकेत 2024 च्या ऑगस्टमध्ये तिथले सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनी पालकांच्या ताणाबद्दल इशारेवजा सूचना काढली. सिगारेटबद्दल जसं सांगतात तसं अख्ख्या देशाला सांगितलं की आईबाप होणं हा आता सार्वजनिक आरोग्याचा विषय आहे. तिथं पैसा आहे, तरीही.

गुरुजी : सार्वजनिक आरोग्य म्हणा, काही म्हणा. मला शिक्षक म्हणून दुसरीच धास्ती आहे. वर्गात लेकरू बसताना पाठ टेकवत नसे, तेव्हा आम्हाला कळायचं. गालावर बोटं उठलेली दिसायची. विचारलं तर म्हणायचं, पडलो. उद्या त्याची आई म्हणेल, मला बर्नआउट झालंय म्हणून हात उठला. बाप तर दारूच्या वासासकट म्हणेल. तुमचं नाव त्यांना माफीचा कागद देतं. मोठ्या माणसाच्या थकव्याला तुम्ही भाषा दिलीत. त्या लेकराच्या पाठीला कोण देणार? तुमच्या चार खुणांमध्ये लेकरू येतं ते फक्त ‘ज्याच्यापासून मन लांब गेलं’ म्हणून. त्याचं काय झालं ते कुठं आहे?

ताई : हे तुम्ही बरोबर बोललात, आणि मी ते टाळणार नाही. लुवेंच्या त्या बायांच्याच अभ्यासांत असंही निघालंय की असे खचलेले आईबाप लेकरांकडं दुर्लक्ष जास्त करतात आणि हातही जास्त उगारतात. नोकरीत खचलेला माणूस रजा टाकतो, राजीनामा देतो. आईबापपणाचा राजीनामा देता येत नाही. मग तो ताण लेकरावर निघतो नाही तर स्वतःवर. म्हणूनच मी म्हणते लवकर ओळखा. हात उठल्यावर नाव दिलं तर ती माफी होईल. लेकराची हाक लागेनाशी झाली तेव्हाच दिलं तर हात उठायच्या आधी कुणीतरी मधे पडेल.

बापाचं तुम्ही दारूवर आणून सोडलंत. बाप पण खचतो, गुरुजी. तो म्हणत नाही. पारावर बसून राहतो, घरी उशिरा येतो, लेकरू जवळ आलं की मोबाईल काढतो. आपल्याकडं 2015 साली प्रेरणा प्रकल्प आला, मराठवाडा-विदर्भाच्या चौदा जिल्ह्यांत, आत्महत्या थांबाव्यात म्हणून. आशाताई घरोघर गेल्या, 104 हा नंबर दिला. चांगलं काम होतं, पण त्याचं नावच शेतकरी समुपदेशन. कर्ज, पीक, नापिकी याबद्दल तिथं बोलता येत होतं. ‘मला माझी लेकरं नको झालीत’ हे वाक्य त्यात कुठं बसणार होतं? ऑक्टोबर 2022 पासून टेलिमानसचा 14416 हा नंबर आहे, फुकट, रात्रंदिवस, मराठीतही बोलतात. मी तो बायांच्या मोबाईलमध्ये स्वतः टाकून देते. लावणाऱ्या थोड्या. फोन नवऱ्याकडं असतो, किंवा खोली एकच असते आणि बोलायचं कुणासमोर?

गुरुजी : बघा, शेवटी खोलीवरच आलात! मी पहिल्यापासून तेच म्हणतोय. जागा, वेळ आणि हात. आता मला सांगा, या बाईला दिवसाचा एक तास मोकळा द्यायचा ठरवला, तर तो तास येणार कुठून? लेकरू त्या तासाला हवेत राहत नाही. ते कुणाच्या तरी कडेवर असतं. श्रीमंताघरी ते मोलकरणीच्या कडेवर जातं, आणि मोलकरणीचं लेकरू तिच्या थोरल्या पोरीच्या. माझ्या वर्गात तिसरी-चौथीच्या मुली धाकटं भावंड घेऊन यायच्या. एक हात पाटीवर, एक हात त्याच्या पाठीवर. ते झोपलं तर ती शिकायची, रडलं तर घरी. मग हळूहळू यायचीच बंद व्हायची, आणि आम्ही गळती म्हणून अहवाल लिहायचो. म्हणजे आईला विसावा मिळालाच होता. त्याचा दाम पोरीच्या शाळेनं भरला.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना हे नेमकं दिसलं होतं. 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढं 1957 मध्ये कोसबाडला गेल्या. लेकरं शाळेत येत नाहीत तर शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. धाकट्यांना सांभाळायची सोय शाळेलगतच केली, म्हणजे थोरली शिकेल. अंगणवाडी हा शब्द तिथला. 1975 च्या 2 ऑक्टोबरला सरकारनं बालविकास योजना काढली, पुढं अंगणवाड्या गावोगाव झाल्या. पण अंगणवाडी चार-पाच तास, आणि बाईचं शेत दिवसभर. त्यातही तीन वर्षांखालचं लेकरू तिथं बसत नाही, त्याच्या वाटणीला घरी न्यायचा आहार. आणि जी सेविका सगळ्या गावाची लेकरं सांभाळते, तिला सरकार पगार देत नाही, मानधन देतं. 2023 च्या डिसेंबरात त्या संपावर गेल्या, पन्नासेक दिवस बसल्या. तुम्ही म्हणाल, सेविकेवर आणखी दोन तास टाका. तिला घरी लेकरं नाहीत का?

ताई : मी नाही म्हणणार तसं. पण तुम्ही एक गाळलंत. तो तास मोलकरणीकडं गेला, पोरीकडं गेला, आजीकडं गेला, सेविकेकडं गेला. बापाकडं गेल्याचं तुमच्या तोंडून एकदाही आलं नाही. 2024 च्या देशभरच्या वेळवापर सर्वेक्षणात, पंधरा ते एकोणसाठ वयाच्या बायकांपैकी 41 टक्के घरच्यांची देखभाल करताना आढळल्या आणि त्यावर त्यांची दिवसाची 140 मिनिटं गेली. पुरुष 21.4 टक्के, त्यांची 74 मिनिटं. यात स्वयंपाक-धुणं धरलेलं नाही, ते वेगळंच. राज्य सरकारनं 2018 मध्ये बालसंगोपन रजा दिली, नोकरीत मिळून 180 दिवस, ती महिला कर्मचाऱ्यांना. पुरुषाला कधी? बायको वारलेली असेल किंवा अंथरुणाला खिळलेली असेल तर. म्हणजे आई जिवंत आणि चालती-फिरती असेपर्यंत बाप मोकळा, असं सरकारच समजतं!

गुरुजी : ती रजा आम्हा नोकरदारांना तरी. मजूर बाईला पहिल्या बाळंतपणाला केंद्राचे पाच हजार रुपये, तेही हप्त्यानं.

ताई : तिच्यासाठीही कायद्यात एक गोष्ट होती, ती लोक विसरलेत. 2005 च्या रोजगार हमी कायद्यात लिहिलं होतं की कामावर आलेल्या बायांची सहा वर्षांखालची पाच लेकरं असतील तर त्यांतल्याच एका बाईला लेकरं सांभाळायला नेमायचं, आणि तिला मजुरी बाकीच्यांएवढीच. मला हे फार मोठं वाटतं. खड्डा खणणं आणि लेकरू सांभाळणं एका भावानं. लेकरू सांभाळणं हे काम आहे, आणि ज्याला कुणी काम म्हणत नाही त्यातच माणूस जास्त खचतं. खड्डा खणून झाला की दिसतो तरी.

गुरुजी : कायदा चांगला. पण मी तरी आपल्याकडच्या कुठल्या कामावर अशी बाई हजेरीपटावर पाहिली नाही. झाडाखाली लेकरं दिसली, त्यांना सांभाळणारी एखादी म्हातारी किंवा पोर दिसली, तिचं नाव कुठं नव्हतं.

ताई : म्हणून नाव लावून घ्यायचं. केंद्राची पाळणा योजना आहे, अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं, सहा महिन्यांपासूनच्या लेकरांसाठी, दिवसाचे साडेसात तास. देशात अंगणवाड्या जवळजवळ चौदा लाख आणि अशी नवी पाळणाघरं ठरवली ती सतरा हजार. आपल्याकडं आपोआप येणार नाही, मागावं लागेल. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते, कायदाच आहे. तिथं ठराव मांडायचा, सोयाबीन आणि हळदीच्या हंगामात गावात पाळणाघर आणि ते चालवणाऱ्या बाईला पुरी मजुरी.

गुरुजी : ठरावाला माझा पाठिंबा. पण त्यात बर्नआउट घालू नका. पाळणाघर हा हक्क म्हणून मागा, आजाराचं औषध म्हणून नको. आज औषध म्हणून दिलं तर उद्या कुणी म्हणेल, आधी आजारी असल्याचा दाखला आणा.

ताई : घालणार. काढलं तर ठराव फक्त मजूर बाईचा होईल. नांदेडच्या खोलीतली बाई कुठल्या ठरावात येईल? तिला पाळणाघर नको, तिचं पोरगं सतरा वर्षांचं आहे. चार नातवंडांच्या आजीला पाळणाघरानं दिवस मिळेल, पण ‘हे पुन्हा कशाला’ म्हटल्याची लाज जाणार नाही. त्यांच्यासाठी मला तो शब्दच लागतो, दुसरं माझ्याकडं काही नाही.

गुरुजी : आणि मला भीती त्याचीच आहे. ज्यांच्यासाठी काही करता येत नाही, त्यांना शब्द देऊन आपण मोकळे होतो.

ताई : असेल. तरी बायांनी सभेला यावं, एवढं तुम्हीही शाळेच्या दारात सांगा. लेकरं घेऊन आल्या तरी चालेल. सभा होईपर्यंत तुम्ही सांभाळा.

गुरुजी : सांभाळीन. पण हजेरीपटावर माझं नाव लावा, मजुरी लावा. फुकट सांभाळली, तर पुढच्या सभेला ते काम पुन्हा एखाद्या आजीच्याच गळ्यात पडेल.